सात सेंटीमीटर आडवी रेघ

१

नववीला अंतर-काल आलेख शिकवून झाला की मी दरवर्षी एकच गृहपाठ देतो. घरून शाळेत चालत या. दर दोन मिनिटांनी किती अंतर आलो ते टिपा आणि त्याचा आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. पुस्तकातली आगगाडी मुलांना परकी वाटते. स्वतःची चाल कागदावर उमटली की त्यांना विषय कळतो.

मलाही त्यातून बरंच कळतं. रेघ एकदम उभी झाली की मूल धावलं. रेघ आडवी झाली की वेळ गेला, पण अंतर तेवढंच राहिलं, म्हणजे मूल कुठेतरी थांबलं. मग मी वर्गात विचारतो, "इथे चार मिनिटं काय करत होतीस गं?" सगळा वर्ग हसतो. गोळ्यांचं दुकान, कुत्रं, मैत्रिणीची वेणी, काहीतरी निघतंच.

यंदा एका रविवारी सकाळी मी ते कागद तपासायला घेतले. माझी बायको आशा गेल्यापासून, म्हणजे चौदा महिने, घरात मी एकटाच आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो तेवढाच आवाज. वर्गात एकेचाळीस मुलं. कागद बेचाळीस निघाले.

दोनदा मोजले. एकावर नाव नव्हतं. बाकीच्या मुलांनी शून्य, दोन, चार अशी मिनिटं लिहिली होती. या कागदावर घड्याळातल्या वेळा होत्या. तीन चाळीसपासून सुरुवात. उभ्या अक्षावर मीटर नव्हते, किलोमीटर होते. शून्यापासून अठरापर्यंत. एवढं कोणी चालत येत नाही.

रेघ तीन चाळीसला निघून तीन सत्तावन्नला दहा किलोमीटरवर पोचली होती. तिथून ती आडवी. मी पट्टी लावली. एका सेंटीमीटरला पाच मिनिटं, आणि आडवी रेघ सात सेंटीमीटर. पस्तीस मिनिटं. चार बत्तीसला ती पुन्हा चढू लागली होती आणि चार अठ्ठेचाळीसला अठरा किलोमीटरवर संपली होती.

मी तो कागद उलटा करून ठेवला. बाकीचे एकेचाळीस तपासले. प्रत्येकाला गुण दिले. कोणाला किती दिले ते संध्याकाळी आठवेना.

२

रनाळ्यातल्या माझ्या घरापासून नंदुरबारचा तो दवाखाना अठरा किलोमीटरवर आहे.

चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी दुपारी आशाच्या धाकट्या भावाचा, ईश्वरचा फोन आला. तो तिच्या उशाशी होता. "दाजी, लवकर या. आक्का तुमनं नाव लई ऱ्हायनी." ती माझं नाव घेत होती. मी मोटारसायकल काढली. तीन चाळीस झाले होते.

दहा किलोमीटरवर फुलीबाईची टपरी आहे. तिथे मी थांबलो. गाडीला काही झालं नव्हतं. मला तहान लागली नव्हती. आठ महिने मी तिला दवाखान्यात नेत-आणत होतो, आणि आता ती माझ्याकडे बघत असताना जे होणार होतं ते मला बघायचं नव्हतं. मी पोचेन तेव्हा सगळं आटोपलेलं असावं, असं मला वाटलं. स्पष्ट शब्दांत वाटलं. मी बाकड्यावर बसलो आणि भजी मागवली. गरम होती. संपल्यावर दुसरी प्लेट मागवली. फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी तो बाकड्यावर पालथा घातला.

आशा चार वीसला गेली.

मी दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा ईश्वर दाराशी उभा होता. त्याने काही विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "फाटक बंद होतं. अर्धा तास." टपरी आणि दवाखाना यांच्यामध्ये रेल्वेचं फाटक आहे, म्हणून ते पटण्यासारखं होतं.

ईश्वरला पटलं. नुसतं पटलं नाही, त्याने ते धरून ठेवलं. दहाव्याला त्याने चारचौघांत सांगितलं की फाटकवाल्यामुळे माझ्या बहिणीला नवऱ्याचं तोंड दिसलं नाही. मग रेल्वेकडे अर्ज केला. चौकशी लागली. फाटकावर त्या दिवशी दलसिंग नावाचा तोरणमाळकडचा माणूस कामावर होता. त्याच्या नोंदवहीत त्या अर्ध्या तासात फाटक उघडंच असल्याचं लिहिलेलं होतं, पण त्यानंतरच्या गाडीसाठी त्याने ते चार मिनिटं उशिरा बंद केल्याचं निघालं. गाडी सिग्नलला उभी राहिली होती. का, ते त्याला सांगता येईना. तेव्हा वरिष्ठांनी ठरवलं की हा जागेवर नव्हताच, फाटक बंद करून कुठेतरी गेला होता आणि नोंदवही मागून भरली. माझी साक्ष झाली की त्याची नोकरी जाणार होती. साक्षीचा दिवस, आलेखाच्या त्या रविवारनंतरचा गुरुवार.

सोमवारी ईश्वर घरी येऊन गेला. "गुरुवारले अकरा वाजता जानं शे. रजा टाकी द्या."

"टाकतो."

"तुमले जास्त बोलनं नई. फाटक बंद व्हतं, अर्धा तास व्हतं, बस. त्यानी नोकरी जाई तवय मन्हा जीव थंडा व्हई." मग माझ्या हातातला चहाचा कप बघून म्हणाला, "दाजी, दूध टाकाले इसरनात का? काळा कुट्ट शे. आक्का ऱ्हाती तं तुमले बोलती."

मी हसलो. मला हसता आलं, हेच मला नंतर बरं वाटलं नाही.

३

तो कागद कोणीतरी मुद्दाम घातला, हा पहिला विचार. फुलीबाईला मी ओळखत होतो, पण तिला आलेख कुठून येणार? ईश्वरला कळलं असतं तर त्याने कागद घातला नसता, माझी कॉलर धरली असती. दुसरा विचार, मीच काढला असेल. दुःखात माणूस असं काही करून विसरतो, असं ऐकलं होतं. अक्षर माझं नव्हतं, पण अंक तर सगळे सारखेच काढतात.

मंगळवारी मी ठरवलं की आकृती फळ्यावर काढायची आणि कोणाचा चेहरा बदलतो ते बघायचं. वर्गात हे करताना आपण किती खालच्या पातळीला आलो ते मला कळत होतं. चौदा वर्षांच्या मुलांमधून मी माझा साक्षीदार शोधत होतो.

मी फळ्याकडे तोंड करून अक्ष आखले, रेघ काढली, आडवा भाग काढला, शेवटपर्यंत नेली. हात झटकले. "कोण वाचतंय?"

रविना उभी राहिली. ती तोरणमाळची, गावातल्या वसतिगृहात राहते. आलेख दिसला की तिला घाटच दिसतो. चढती रेघ म्हणजे चढ, आडवी रेघ म्हणजे पठार. तीन आठवडे मी तिची ही चूक दुरुस्त करत होतो.

"सर, हा माणूस घाट चढला. मग सपाटीवर आला. सपाटीवर बसला."

"झालं सुरू," मागून जागृती म्हणाली. "सर, हिला इस्त्री केलेल्या कागदावर पण घाट दिसतो."

"तुला काय कळणार? तुझ्या गावात सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर."

वर्ग हसला. मी शांत राहायला सांगून म्हणालो, "रविना, हे रस्त्याचं चित्र नाही. रेघ आडवी म्हणजे रस्ता सपाट नव्हे. वस्तू थांबली आहे."

"तेच म्हणते सर, बसलाय. आणि ती वरून त्याला घ्यायला उतरतेय ना."

"कोण?"

"ही." तिने बोट केलं. "वरच्या टोकावरून निघाली. घाईत उतरलीय, रेघ केवढी तिरकी आहे. त्याच्याजवळ आली. मग दोघं मिळून वर गेले."

मी वळलो. फळ्यावर दुसरी रेघ होती. अठरा किलोमीटरपासून सुरू होऊन खाली येत होती आणि आडव्या रेघेला, ती जिथे संपते नेमकी तिथे, मिळत होती. खडू माझ्याच हातात होता. बोटांना पांढरं लागलं होतं, पण ते एका रेघेचं की दोन रेघांचं हे कसं सांगणार?

"तू 'ती' का म्हणालीस?" मी विचारलं.

रविना गोंधळली. "रेघ ना सर. ती रेघ."

मी फळा पुसला. उदाहरण चुकलं, असं सांगितलं.

४

घरी येऊन मी पालथा कागद सुलटा केला. त्याच्यावरही दुसरी रेघ आली होती. रविवारी ती नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या शपथेची किंमत मला माहीत आहे.

मी टेबलाशी बसलो आणि मुलांना शिकवतो तसा आलेख वाचला. दुसऱ्या रेघेचा आरंभ अठरा किलोमीटरवर, वेळ चार वीस. बारा मिनिटांत ती दहा किलोमीटरवर आली आहे. आठ किलोमीटर, बारा मिनिटं, ताशी चाळीस. चालणारं माणूस नव्हे. चार बत्तीसला दोन रेघा मिळतात. रेघा मिळतात तिथे दोन्ही वस्तू एकाच वेळी एकाच जागी असतात, हे वाक्य मी एकवीस वर्षं लिहून देतो आहे.

त्यानंतर पुढे एकच रेघ.

दोन वस्तू एकाच वेळी, एकाच चालीने, बरोबर जात असतील तर त्यांच्या रेघा एकमेकींवर पडतात. आलेखात एकच रेघ दिसते. तिथे दोघं आहेत हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हेही मीच शिकवतो. मी भिंग आणलं. चार बत्तीसपर्यंतची रेघ बारीक होती, एका टोकाची. त्यानंतरच्या रेघेत मध्ये केसाएवढी फट दिसत होती, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना शिसं.

मला भीती वाटली, पण ती आशाची नव्हती. अठ्ठावीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिची भीती कशी वाटेल? मी हिशेब करत होतो तो वेगळा. ती चार बत्तीसला टपरीवर आली असेल तर तिने बाकड्यावरचा फोन पाहिला. प्लेट पाहिल्या. आणि दोन्ही रेघा पुढे कुठेच वेगळ्या झाल्या नसतील, तर चौदा महिने मी जिथे जिथे ते वाक्य बोललो, दहाव्याला, शाळेत, तिच्या आईच्या पायाशी बसून, तिथे तिथे ती हजर होती.

बुधवारी दुपारी ईश्वरचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभा होतो. "दाजी, उद्या ध्यानमा शे ना? काय सांगशात?"

"फाटक बंद होतं," मी म्हणालो.

नळाचं गळणं थांबलं.

हळूहळू नाही. दूरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कोणीतरी चावी घट्ट पिळावी, तसं. मी फोन कानाला धरून नळाकडे बघत राहिलो. तोटीला एक थेंब लोंबत होता आणि पडत नव्हता.

"किती वेळ?" ईश्वर तिकडून विचारत होता. "दाजी? किती वेळ बंद व्हतं?"

मी फोन ठेवला. चावीला हात लावला. ती इतकी घट्ट फिरवलेली होती की मला सुटेना.

५

गुरुवारी आम्ही पावणेअकराला पोचलो. ऑफिसच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं, त्यावर साठीकडे झुकलेला सडसडीत माणूस बसला होता. ईश्वरने त्याच्याकडे बघितलं, तोंड फिरवलं आणि कागदांच्या झेरॉक्स काढायला समोरच्या दुकानात गेला. त्यावरून मला कळलं की हा दलसिंग.

तो सरकला. मला बसायला जागा केली. सरकताना त्याने जरा जास्तच जागा केली.

आत कोणाचा तरी खोकला येत होता. मी ठरवून आलो होतो असं म्हणणार नाही. सकाळपासून मी दोन्ही साक्षी मनात घोळवत होतो. पण त्याच्या शेजारी बसल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी फाटक उघडं होतं."

"माहीत आहे, गुरुजी," तो म्हणाला. "मीच उघडं ठेवलं होतं."

"म्हणजे?"

"गाडी येणार होती. चार सदतीसला फाटक पाडायचं होतं. चावीवर हात ठेवला आणि लांबून तुमची नेहमीची मोटारसायकल येताना दिसली. मागे बाई होत्या. आजारी बाई. एका बाजूला कलल्या होत्या. म्हटलं, दवाखान्यात नेताहेत, फाटकात अडकले तर जायच्या. चार मिनिटं थांबलो. तुम्ही गेलात आणि मग पाडलं. गाडीला सिग्नल मिळाला नाही, ते माझ्यावर आलं."

मी विचारलं, "हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमच्या अर्जात लिहिलंय, बाई दवाखान्यात होत्या. चार वीसला गेल्या. मला वाचून दाखवलं ते. मग मी कोणासाठी थांबलो, गुरुजी?" तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, खरोखर उत्तर पाहिजे होतं म्हणून. "घरी बायको म्हणते, हे कोणाला बोलू नको. नोकरी जाते ती जाऊ दे."

"कशा होत्या बाई?"

"पायात काही नव्हतं. हिरवी चादर होती अंगावर, दवाखान्याची असते तशी. दोन्ही हातांनी तुम्हाला धरलं होतं, तोंड तुमच्या कानाशी. काहीतरी विचारत होत्या. पुन्हा पुन्हा, लहान पोर विचारतं तसं."

"मला काही ऐकू आलं नाही."

"असं कसं? तुम्ही उत्तर देत होता की." दलसिंग जरा संकोचला. "फाटकातून जाताना मोठ्याने बोलत होता. 'फाटक बंद होतं, फाटक बंद होतं.' मला हसू आलं. म्हटलं, गुरुजी घाबरलेत, फाटक तर सताड उघडं आहे."

ते खरं होतं. टपरीवरून निघालो तेव्हा मी ते वाक्य मोठ्याने बोलून बघत होतो. पायऱ्यांवर अडखळू नये म्हणून घोकत होतो. हेल्मेटच्या आत, वाऱ्यात, रस्त्यावर कोणी नसताना. ती बोलत होती तेव्हा मी ते बोलत होतो. ईश्वरच्या आधी, सगळ्यांच्या आधी.

६

आत तीन खुर्च्या होत्या. साहेब टेबलापलीकडे, मी समोर, ईश्वर माझ्या उजव्या हाताला. दलसिंगला दाराशी उभं ठेवलं होतं. साहेब छापील कागदावरून विचारत होते. नाव, हेमराज. वय, त्रेपन्न. व्यवसाय, शिक्षक. फाटक किती वेळ बंद होतं?

"बंद नव्हतं," मी म्हणालो.

ईश्वर हसला. चुकून बोललो असं त्याला वाटलं. "दाजी, बंद व्हतं. घाबरू नका."

"उघडं होतं, ईश्वर. या माणसाचा काही दोष नाही."

"मंग तुम्ही कोठे व्हतात?"

हे त्याने चौदा महिन्यांत कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघून सांगावं, एवढं तरी मला जमायला हवं होतं. मी टेबलाच्या कडेकडे बघून बोललो. "फुलीबाईच्या टपरीवर. पस्तीस मिनिटं बसलो होतो. भजी खात होतो. तुझे फोन मी घेतले नाहीत."

ईश्वर मारेल असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त हळू म्हणाला, "ती दर घडी इचारे. वना का, वना का. मी सांगू, रस्तामा शेत." आले का, आले का, असं ती विचारत होती आणि हा तिला रस्त्यात आहेत म्हणून सांगत होता. मग त्याने रुमाल तोंडाला लावला.

साहेबांनी घसा साफ केला. त्यांना पुढचा रकाना भरायचा होता. "त्या वेळी गाडीवर तुम्ही एकटेच होता? की सोबत कोणी होतं?"

दाराशी दलसिंगने मान खाली घातली.

रुमाल खाली घेता घेता ईश्वर थांबला. तो माझ्याकडे बघत होता, मग माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा वर, मागे. त्याचे डोळे तिथे टिकले. आणि तो खुर्ची मागे सारून उठला. रागावून उठतात तसा नाही. घरात वडीलधारं माणूस आलं की जागा द्यायला उठतात, तसा उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्याची खुर्ची माझ्या शेजारी रिकामी राहिली.

मला फक्त मान वळवायची होती. तेवढं तोंड मला उरलं नव्हतं.

"एकटे होता का?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "लिहून घ्या."